गेर्डामावशीची अकरा पानं

गेर्डामावशी,

तू गेलीस त्या आठवड्यात भेटेल तो मला एकच सांगत होता: मीनल, तू त्यांचं फार केलंस. दफनाला आलेल्या बायका म्हणाल्या, खालच्या मजल्यावरचे अंकल लिफ्टमध्ये म्हणाले, फोनवर आईही म्हणाली, पोटच्या मुलीसारखं केलंस. मी मान हलवत राहिले. एकदाही म्हणाले नाही की थांबा, तुम्हाला माहीत नाही. आज पाच आठवडे झाले. आता जे लिहायचं आहे ते मी तुझ्याजवळ, तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून बोलायला हवं होतं. तेव्हा तू समोर होतीस, विचारत होतीस, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. एकदा नाही. सात महिने.

सिंगापूरच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे झेंडे ब्लॉकच्या कठड्यांवर लागले होते, तेव्हा मी खोली बघायला क्लेमेंटीत तुझ्याकडे आले. एजंटने सांगितलं होतं, एकटी राहणारी म्हातारी युरोपियन बाई आहे, जरा कडक आहे. तू दार उघडलंस. ठेंगणी, गोरी, पांढरे केस कानापाशी कापलेले. मी इंग्रजीत सांगितलं की मी पुण्याची, वन-नॉर्थला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तू दार अडवून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "पुण्याची काय? मंग चपला भायेर काढ आणि आत ये."

मी तिथेच उभी. तुला फार मजा वाटली होती. नंतर तू कुणालाही माझी ओळख करून देताना माझा तेव्हाचा चेहरा करून दाखवायचीस, तोंड उघडं आणि एक चप्पल हातात. नक्कल करायची ती तुझी कला तुझ्या वडिलांकडून आली होती, हे मला पुढे कळलं.

पहिल्या महिन्यात मी तुला अहो-जाहो करायचे. एका शुक्रवारी तू मलिदा केला होतास. तुझ्या सासरी, अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यू घरांत करतात तसा, पोहे, गूळ, खोबरं, वर फळांच्या फोडी. माझ्या हातात ताटली देत म्हणालीस, "मावशीला कोण तुम्ही म्हणतो गो? मी काय सरकारी हापिसात बसलीय?" त्या दिवसापासून तू मावशी आणि तू 'तू'.

तुझी गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. जन्म बर्लिनचा. आई पियानो वाजवायची, वडील कॅबरेत काम करायचे. तू कॅबरे म्हणालीस आणि मी खुदकन हसले, कारण माझ्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला नाच आला. तू लाटणं खाली ठेवलंस. "तसला नाय. छोटी जागा असते, टेबलं मांडलेली. पियानो. एक माणूस उभा राहून गाणी म्हणतो, पुढाऱ्यांची टिंगल करतो, लोकांना हसवतो आणि हसताहसता त्यांना टोचतो. तुमच्या तमाशात तो सोंगाड्या राजाला बोलतो ना, तसा माझा पप्पा." तुझ्या नवऱ्याने, सायमनकाकांनी, लग्नानंतर तुला अलिबागजवळ एका जत्रेत तमाशाला नेलं होतं. सोंगाड्या बोलायला लागला आणि तू सगळ्यांच्या देखत रडायला लागलीस. काका बिचारे घाबरून तुला बाहेर घेऊन आले.

ज्यूंना रंगमंच बंद झाला तेव्हा तुम्ही तिघं बर्लिन सोडून ॲमस्टरडॅमला गेलात. तिथे पप्पांना पुन्हा काम मिळालं. पण मामा डॉक्टर होते, त्यांना मुंबईत राहायची परवानगी मिळाली, आणि सोबत एका भाचीला नेता आलं. तू नऊ वर्षांची होतीस. आईवडील मागून येणार होते. ते आले नाहीत. जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरलं. पुढे दोघांना ज्यूंच्या एका छावणीत नेलं. तिथून दर मंगळवारी माणसांनी भरलेली गाडी पूर्वेला जायची, आणि त्या गाडीतले बहुतेक कधीच परतले नाहीत. त्या छावणीत एक रंगमंच होता. सकाळी गाडी जायची आणि संध्याकाळी, उरलेल्यांसमोर, कमांडरसमोर, कैदी कलाकार गाण्यांचा कार्यक्रम करायचे. तुझे पप्पा गायचे, तुझी आई साथीला. जोवर कार्यक्रम चालू, तोवर कलाकारांची नावं यादीत येत नव्हती. शेवटी त्यांचीही आली. लढाई संपल्यावर वाचलेल्या कुणीतरी मामांना एवढं कळवलं होतं. तुझ्याकडे त्यापलीकडे काहीच नव्हतं.

आपलं भांडण झालं ते त्यावरूनच. रविवार होता, तू कोथिंबीर निवडत होतीस. मी सहज म्हणून गेले, "पण मावशी, सकाळी आपल्याच माणसांना गाडीत कोंबलेलं बघायचं आणि संध्याकाळी त्याच जागी विनोदी गाणी म्हणायची? कसं जमत असेल? मला तर ते सहनच झालं नसतं."

तू मान वर केली नाहीस. "तुला नसतं झालं. तू मेली असतीस."

"पण कुणी तरी नाही म्हणायला हवं होतं ना?"

"कुणाला? कमांडरला?" मग तू कोथिंबीर तशीच टाकून उठलीस. दारापाशी जाऊन वळलीस. "मी हेच सत्तर वर्षं विचारते गो. माझ्या पप्पाला विचारायचा हक्क मला आहे. तुला नाय."

मी माफी मागायला हवी होती. मी बूट घालून बाहेर पडले, हॉकर सेंटरमध्ये एकटी जेवले, आणि परत आल्यावर आपण दोघी काहीच झालं नाही अशा वागलो. तो वाद तिथेच राहिला. मनातल्या मनात मी स्वतःला बरोबर समजत होते, हे कबूल करते.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तू मला पत्राबद्दल सांगितलंस. मला वाटतं, त्या दिवशी रागावल्याची भरपाई म्हणून सांगितलंस. मुंबईची आगबोट सुटली तेव्हा पप्पा धक्क्यावर उभे राहून तोंडं वेडीवाकडी करत होते, टोपी नाकावर ओढत होते, तुला हसवायला. कठड्यावरची सगळी मुलं हसत होती. तू पाठ फिरवलीस. मला हाकलून देतायत आणि वर हसवतायत, असं तुला वाटलं. भायखळ्याला मामांच्या घरी त्यांची पत्रं यायची, तू उत्तर द्यायची नाहीस. मामा तुझ्या वतीने दोन ओळी खरडायचे. असं जवळजवळ वर्षभर.

घरी कामाला सावित्रीबाई होत्या, श्रीवर्धनकडच्या. तू मराठी शिकलीस ती त्यांच्याकडून. एक दिवस पत्र न उघडता तू ट्रंकेत टाकलंस ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "एवढा रुसवा? बापावर? तो काय जल्मभर पत्रं लिहीत बसणार हाय?" त्याच दुपारी तू लिहायला बसलीस. जर्मनमध्ये लिहिलंस की मी आता रागावले नाही, शाळा बरी आहे, इथे माशांना फार काटे असतात. आणि शेवटी रोमन अक्षरांत दोन मराठी शब्द, 'रुसू नका', आणि खाली त्यांचा अर्थ. ते पत्र टपालात पडलं आणि थोड्याच दिवसांत हॉलंड पडलं. उत्तर आलं नाही.

"पोचला का नाय, एवढाच कळला पायजे," तू म्हणालीस. "बाकी काय झालं ते मला ठाव हाय. ते सगळ्यांचंच झालं. पण ते मेले तेव्हा त्यांना काय वाटत होतं? मुलगी अजून रुसलेली हाय?"

तू शहाऐंशी वर्षांची होतीस आणि नऊ वर्षांच्या मुलीसारखी माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणाले, आपण शोधू. हॉलंडमध्ये जुने कागद सांभाळणारी एक संस्था मी शोधून काढली आणि तुझ्या वतीने ईमेल लिहिला. तू शेजारी बसून नावांची स्पेलिंगं सांगत होतीस, एकेक अक्षर, दोनदा. त्या संध्याकाळी तू इतकी खूश होतीस की खालच्या चिकन राइसवाल्याशी नेहमीची हुज्जतसुद्धा घातली नाहीस. तो घाबरून मला म्हणाला, "Auntie sick ah?"

उत्तर तीन महिन्यांनी आलं. मी ऑफिसात होते. आईवडिलांच्या छावणीतल्या नोंदींची दोन कार्डं होती, आणि सोबत अकरा पानांची डच भाषेतली मुलाखत, एका वाचलेल्या बाईची, तिच्या म्हातारपणी घेतलेली. ती बाई आता नव्हती. संस्थेने लिहिलं होतं, यात तुमच्या वडिलांचा उल्लेख आहे. मी जेवणाच्या सुट्टीत पहिली दोन पानं संगणकाच्या भाषांतरात टाकली. मोडकंतोडकं इंग्रजी आलं, पण अर्थ कळत होता. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एका मंगळवारी सकाळी तिची आई आणि लहान भाऊ गाडीत गेले. संध्याकाळी रिकाम्या बिछान्यांपाशी बसवेना म्हणून मैत्रीण तिला कार्यक्रमाला ओढून घेऊन गेली. तुझे पप्पा गात होते. सगळे हसत होते. तिने म्हटलं होतं: त्या माणसाने सकाळी ती गाडी पाहिली होती. संध्याकाळी त्याला गाणं सुचलं कसं? मी त्याला कधीच माफ केलं नाही.

मी लॅपटॉप बंद केला.

मावशी, मला तुझी काळजी वाटली हे खरं आहे. या वयात हे वाचून तुझं काय होईल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्यात दुसरंही होतं. त्या बाईचं वाक्य आणि कोथिंबीर निवडताना मी बोललेलं वाक्य एकच होतं. ते तुझ्यापुढे ठेवायचं म्हणजे, बघ, मी म्हणत होते ना, असं झालं असतं. मला तुझा तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. म्हणून मी पुढची नऊ पानं उघडलीच नाहीत. जे वाचलं त्यावरून बाकीचंही तसंच असणार असं धरून चालले. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या हीच माझी नोकरी, आणि मी अकरातली दोन पानं वाचून थांबले.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावून झाल्या की तू विचारायचीस, "काय आला का गो?"

"नाही मावशी."

"हळू लोक आहेत."

"हो ना. मी परत लिहिते."

पहिल्यांदा जड गेलं. मग सवय झाली. पुढे पुढे तर मी मोबाइलमधून डोळे न काढता नाही म्हणायला लागले. तू मात्र दर वेळी मेणबत्तीची काडी विझवून, हात पुसून, खुर्ची ओढून, नीट बसून विचारायचीस.

मग तुला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये चौथ्या दिवशी दुपारी तू बरी वाटत होतीस. नर्सला तिच्याच चालीची नक्कल करून दाखवलीस आणि ती पोट धरून हसली. ती गेल्यावर तू माझं मनगट धरलंस. "मीनल. खरं सांग. काय आला असेल आणि वाईट असेल, तरी सांग. मी म्हातारी हाय, काचेची नाय."

तू ओळखलं होतंस. निदान तुला शंका आली होती. दार तू उघडून दिलं होतंस, मला फक्त आत यायचं होतं. मी म्हणाले, "खरंच नाही आलं गं. आल्यावर पहिलं तुलाच सांगेन."

तू मनगट सोडलंस आणि म्हणालीस, "बरं." थोड्या वेळाने, "मंग राहू दे आता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आत तू गेली होतीस.

दफन त्याच दिवशी झालं. तुमच्यात थांबत नाहीत. चिनी मजुरांनी खड्डा तयार ठेवला होता, प्रार्थना म्हणायला समाजातली दहा माणसं आली होती, आणि मी सायमनकाकांच्या कबरीच्या दगडापाशी उभी होते. काकांच्या दगडावर मराठीतही एक ओळ आहे, तूच कोरून घेतलेली. ज्या नोकरीसाठी तुम्ही सिंगापूरला आलात त्या सेम्बावांगच्या गोदीत सगळे त्यांना सॅम म्हणायचे, पण घरी ते मराठीत बोलले, निदान मेल्यावर तरी मराठी असू दे, असं तू म्हणाली होतीस. तिथे मला वाटून गेलं की आता या देशात तुझ्याशी मराठीत बोललेलं माणूस मी एकटीच उरले, आणि माझं शेवटचं बोलणं काय होतं.

आठव्या दिवशी मी ती अकरा पानं छापली. माझ्या टीममध्ये योरिस नावाचा डच मुलगा आहे. त्याला म्हटलं, हे मला नीट वाचून दाखवशील? आम्ही ऑफिसखालच्या फूड कोर्टात बसलो. तो डच वाचायचा आणि इंग्रजीत सांगायचा. पहिली दोन पानं मला माहीत होती. पाचव्या पानावर ती बाई सांगते की दुसऱ्या दिवशी तुझे पप्पा ती काम करत होती त्या धुलाईखान्यात आले. तिला वाटलं, हा आता क्षमा मागणार. त्यांनी क्षमा मागितली नाही. म्हणाले, "काल तू हसली नाहीस, मी पाहिलं. ज्याच्या हातात यादी आहे तो पहिल्या रांगेत बसतो. तो हसला तर माझी बायको पुढच्या मंगळवारी इथे असते. म्हणून मी त्याला हसवतो. पण तू हसू नकोस. कुणीतरी न हसणारं हवं."

 योरिस पाणी प्यायला. मग पुढे.

पप्पा तिला म्हणाले, माझी मुलगीही अशीच हसली नव्हती, बोटीवर. मी एवढी सोंगं केली आणि तिने पाठ फिरवली. वर्षभर माझ्यावर रागावून बसली. मग लढाईच्या तोंडावर तिचं एक पत्र आलं. मी लगेच उत्तर लिहिलं, पण टपालच बंद झालं. त्यात तिकडच्या भाषेतले दोन शब्द होते.

इथे योरिस अडखळला. "हे डच नाहीये," तो म्हणाला. "ज्याने टाइप केलंय त्याने पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. रुसु... रुसु नाका?"

कागदावर 'roesoe naka' असं होतं; डचमध्ये 'ओ' आणि 'ई' एकत्र लिहिले की 'उ' होतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या लॅपटॉपवर सात महिने ते दोन शब्द होते. ते वाचू शकेल असं माणूस त्या संस्थेत नव्हतं, हॉलंडमध्ये बहुधा कुठेच नव्हतं. क्लेमेंटीत एका फ्लॅटमध्ये दोन होती.

पोचलं होतं गं मावशी. तुझं पत्र पोचलं होतं. त्यांनी ते पाठ केलं होतं.

मी ट्रेवर डोकं टेकून रडले. शेजारच्या टेबलावरच्या मुली उठून दुसरीकडे गेल्या. योरिसला काय झालं ते कळेना, पण तो शहाणा, त्याने विचारलं नाही, शेवटचं पान तेवढं वाचून संपवलं. ती बाई म्हणते, मी त्याला माफ केलं नाही, आजही नाही. पण त्याच्या मुलीने केलं होतं, त्याचं मला बरं वाटलं. ते दोन शब्द माझ्यापाशी राहिले. माझी मुलं फुरंगटून बसली की मी त्यांना तेच म्हणायची. कोणती भाषा ते मला कधी कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी तुझ्या खोलीत जाऊन ती पानं मोठ्याने वाचणार होते. दारापर्यंत गेले आणि परत आले. रिकाम्या खोलीला वाचून दाखवलं की सांगितल्यासारखं होतं, आणि मला तेवढं स्वस्तात सुटायचं नव्हतं.

आपल्या वादाचंही बघ काय झालं. तुझ्या पप्पांनी त्यावर किती आधी उत्तर देऊन ठेवलं होतं. ते गायले, आणि न हसणाऱ्या मुलीला जाऊन सांगून आले की तूही बरोबर आहेस. तू हे ऐकलं असतंस तर मला कोपराने ढोसून काय म्हणाली असतीस, याचा मी विचार करते आणि मला सुचत नाही. तुझं उत्तर मीच येऊ दिलं नाही, ते आता माझं मी कुठून बनवू?

तुझ्यामुळे या शहरात मला घर मिळालं. आजारपणात कुळथाचं पिठलं मिळालं, चुकलं की मराठीत ओरडणारं माणूस मिळालं. ऑफिसातून येताना खिडकीत तुझा दिवा दिसायचा आणि पावलं आपोआप भराभर पडायची. हे सगळं देणाऱ्या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

गेल्या आठवड्यात मी संस्थेला लिहिलं की ते प्रश्नचिन्ह काढून टाका. शब्द मराठी आहेत, अर्थ अमुक, आणि ते पत्र लिहिणारी मुलगी म्हणजे जिच्या वतीने मी तुम्हाला विचारलं होतं त्याच गेर्डाबाई. दोन दिवसांत उत्तर आलं. संस्थेतली लिहिणारी बाई फार आनंदली होती. तिने लिहिलं होतं, इतक्या वर्षांनी आपलं पत्र पोचल्याचं कळल्यावर त्या काय म्हणाल्या? त्यांचे शब्द आम्हाला मुलाखतीला जोडून ठेवायचे आहेत.

आज सकाळी मी उत्तर पाठवलं. लिहिलं की गेर्डाबाई आता नाहीत. तुमची पानं त्या असतानाच आली होती. त्यांनी माझ्याकडे अनेकदा विचारणा केली. मी त्यांना सांगितलं नाही. खाली माझं पूर्ण नाव घातलं, आणि हेही मुलाखतीला जोडून ठेवा असं म्हटलं.